चंदगडला दिली

सयाजी गवळ्याला देवानं आवाज दिला, आणि त्या नादात बाकीचं द्यायचं राहून गेलं, असं त्याची बायको शालूबाई चारचौघांत म्हणायची. तो आवाज सगळ्या गंगावेशीच्या ओळखीचा. संध्याकाळी गवळी कट्ट्यावर आपापल्या म्हशी आणून उभ्या करत. गिऱ्हाईक पेला पुढं करी आणि गवळी त्यात थेट धार सोडी. तालमीतली पोरं ते फेसाळ, कोमट दूध उभ्याउभ्या पिऊन ओठ पुसत निघून जात. त्या गर्दीत सयाजी रस्त्याच्या पार त्या टोकाहून हाक द्यायचा, "मैनाऽऽ! ये गं बाय माझे!" आणि त्याची म्हैस टांगे, सायकली, माणसं चुकवत सरळ त्याच्यापुढं येऊन उभी राहायची. हातात काठी नाही, की तिच्या गळ्यात दावं नाही.

दिवाळीच्या पाडव्याला तर विचारूच नका. त्या दिवशी कोल्हापुरात म्हशींची मिरवणूक निघते. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांच्या माळा घालायच्या, अंगावरचे केस भादरून नक्षी काढायची, आणि मालकानं पुढं पळायचं. ज्या घरची म्हैस नुसत्या हाकेवर गर्दी फोडून मालकामागं येते, ते घर त्या वर्षी गल्लीत ताठ मानेनं वावरतं. अलीकडं काही जणांनी फटफट्या घेतल्या होत्या. सयाजी मात्र पायीच पळायचा, आणि मैनानं त्याची मान कधी खाली जाऊ दिली नव्हती. मिरवणूक संपली की तो भर रस्त्यात तिच्या कपाळाचा मुका घ्यायचा.

"येवढं लाड माझं केलं असतं," शालूबाई म्हणायची, "तर मीबी शिंगं रंगवून पळाली असती की."

सयाजीचं प्रेम खोटं नव्हतं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं ऐकून कुणालाही शंका येईल. पण गवळ्याच्या प्रेमाला एक कुंपण असतं आणि त्या कुंपणाकडं बघायचं नाही असा सगळ्यांचा मुकाट करार असतो. म्हशीला रेडी झाली तर तिच्यासाठी दोन सड दूध राखतात. रेडा झाला तर तो हळूहळू वाळत जातो आणि एक दिवस उठत नाही. मग त्याच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढं ठेवायचा. ती बिचारी तो चाटते आणि पान्हा सोडते. मैनाचे दोन रेडे असेच गेले. सयाजी दोन्ही वेळा हळहळला, आणि दोन्ही वेळा त्यानं स्वतःच्या हातानं पेंढा भरला. यावर कुणी बोलत नाही. बोलायला गेलं तर पेल्यातलं दूध गळ्याखाली उतरायचं नाही.

म्हैस भाकड झाली, म्हणजे आटली आणि पुन्हा गाभण राहीना, की तिचं काय करायचं, यासाठीही गल्लीत एक बोलायची रीत होती. "चंदगडला दिली," असं म्हणायचं. चंदगड म्हणजे जिल्ह्याचं पार दक्षिणेचं टोक. तिकडं डोंगर, धो धो पाऊस, माणूस बुडेल एवढं गवत. तिथं भाकड जनावरं निवांत चरतात म्हणे. 'कसायाला दिली' हे शब्द गंगावेशीत कुणाच्या तोंडून कधी निघाले नाहीत. ज्या जनावराला दर वसुबारसेला ओवाळायचं त्याच्याबद्दल असं बोलायला जीभ रेटत नाही, एवढं त्यांचं मन हळवं होतं. नुसती जीभच रेटत नव्हती, हात मात्र रेटत होते.

तर असा दिवस आला की पहाटेच मीरासाब हेडी दारात यायचा. हेडी म्हणजे जनावरांचा दलाल. तो येताना स्वतःचं दावं घेऊन यायचा, कारण विकणाऱ्यानं आपलं दावं द्यायचं नसतं, दावणीची बरकत जाते. घरातला कर्ता पुरुष नेमका त्याच वेळी पंचगंगेवर आंघोळीला जायचा. परत आला की बायको सांगायची, "चंदगडला दिली." तो म्हणायचा, "बरं झालं," आणि चहा मागायचा.

गल्लीतली पोरं मिसरूड फुटायच्या आत या बोलण्याचा अर्थ आपोआप शिकायची. सयाजी शिकला नाही. काही माणसं अशी असतात की खरं दारात येऊन उभं राहिलं तरी त्याला भिकाऱ्यासारखं "पुढं बघा" म्हणतात. सयाजी त्यातला. त्याचा बाप होता तोवर असले व्यवहार बापानं केले. बापामागं म्हातारी आईच सगळं बघायची. तीही दोन वर्षांपूर्वी गेली. चंदगडला आपल्या घरच्या चारपाच म्हशी आहेत, असं चाळिशीला टेकलेला हा माणूस खरंच धरून चालला होता.

आणि मग मैनाला दगडी झाली. कास सुजून दगडासारखी घट्ट झाली, धारेतून रक्त यायला लागलं. सयाजीनं डॉक्टर आणला, झाडपाला बांधला, देवाला नारळ बोलला. पण चारी सड मेले. पुढं दोनदा रेड्याकडं नेली, तरी ती फळली नाही. वर्ष गेलं. गोठ्यात तीन खुंट्यांची जागा. उरलेल्या दोघींच्या दुधावर घर आणि मैना दोन्ही चालायचं होतं, ते चालेना.

शालूबाईनं एक दिवस विषय काढलाच. "आवं, खुट्टा किती दिस अडवून ठेवायचा? दुसरी म्हस बांधल्याबिगर भागायचं न्हाय. मीरासाबमामूला सांगावा धाडू का?"

सयाजी बराच वेळ मैनाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "मीच जातो. चंदगडलाच देऊ. तितं तर सुखानं खाईल."

शालूबाईला वाटलं, नवरा आता शहाणा झाला. तिनं डोळ्याला पदर लावला.

मीरासाबचं घर नदीच्या अंगाला. सयाजी त्याला लहानपणापासून मामू म्हणायचा. तो ओसरीवर टेकला आणि म्हणाला, "मामू, मैनाला चंदगडला द्यायची हाय."

"व्हय की बाबा," मीरासाब म्हणाला. "चंदगडलाच."

"तिकडं पाऊस लई. चांगलं छप्पर असलेला मानूस बगा."

"बगतो."

"आनि तिला मारायचं न्हाय हां. हाक मारली की येती ती."

"न्हाय मारत," मीरासाब म्हणाला आणि त्यानं मान खाली घातली. आयुष्यभर तो हे ऐकत आला होता. कुणी सावली सांगायचं, कुणी पाण्याची सोय सांगायचं. माणसाला जेवढं लपवायचं असतं तेवढं तो जास्त तपशील सांगतो, हे त्याला पाठ होतं. सयाजीही रीतीनंच बोलतोय असं तो समजला. एकाच गावाचं नाव दोघांच्या तोंडी होतं आणि दोघं दोन वेगळ्या मुलखांबद्दल बोलत होते.

ठरलेल्या सकाळी ट्रक गल्लीच्या तोंडाशी आला. सयाजी नदीला गेला नव्हता. तो मैनाला धुऊन, कपाळाला हळद-कुंकू लावून उभा होता. मीरासाबला ते बघून चरका बसला. त्यानं आजवर असा मालक बघितला नव्हता.

मैना फळीवर चढेना. ट्रकवाल्यानं शेपूट पिरगाळलं, दोघांनी मागून रेटलं. ती चारी पाय रोवून उभी. एकानं काठी उचलली तसा सयाजी ओरडला, "हात लावशील तर बघ! सरका समदी." तो स्वतः ट्रकात चढला, पार आत गेला, तोंडाशी हात धरला, आणि ज्या आवाजानं पाडव्याला गर्दी दुभंगायची त्याच आवाजात त्यानं हाक दिली. "मैनाऽऽ! ये गं बाय माझे!"

मैनानं कान टवकारले. फळी थरथरली. एक पाय, मग दुसरा, आणि ती वर येऊन त्याच्या छातीला तोंड लावून उभी राहिली.

मीरासाब पाठ फिरवून गटारीकडं बघत होता. याला काळीज हाय का दगूड, असं त्याच्या मनात आलं.

"जा बाय," सयाजी तिच्या कानाशी म्हणाला. "प्वाटभर गवात खा. ऱ्हा निवांत." मग तो खाली उतरला. फळी वर गेली, साखळी लागली. ट्रक हलला तशी मैना एकदा हंबरली. सयाजीनं हात हलवला.

घरी शालूबाई चुलीपुढं हुंदके देत बसली होती. सयाजीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "रडतीस काय येड्यागत? दिवाळी झाली की जाऊन बघून येऊ की."

शालूबाईचं रडणं जागच्या जागी थांबलं. "कुटं?"

"कुटं म्हंजी? चंदगडला."

ती त्याच्याकडं बघत राहिली. चेष्टा करतोय का, म्हणून तिनं त्याचं तोंड नीट न्याहाळलं. त्यात चेष्टा नव्हती. त्या दिवशी ती काही बोलली नाही. बोलून मैना परत यायची नव्हती, आणि नवराही हातचा जाईल अशी तिला भीती वाटली.

पण झाकलेलं किती दिवस राहणार? मैनाच्या खुंट्याला दुसरी म्हैस आली. दूध चांगलं द्यायची, पण हाकेला ढिम्म. सयाजीला करमेना. दिवाळी राहिली लांब, श्रावणातच त्यानं पिशवी भरायला घेतली. तेव्हा मात्र शालूबाई दार अडवून उभी राहिली.

"आवं, जाऊ नगा. चंदगड म्हंजी चंदगड न्हवं."

"मग काय म्हैसूर?"

"मामू कुनाला जनावरं इकतो, म्हाईत न्हाय तुमास्नी? भाकड म्हशीला पैसा कोन देतंय? कशापायी देतंय?" तिचा आवाज फुटला. "समद्या गल्लीला म्हाईत हाय. तुमालाच कसं न्हाय वो?"

"तोंड आवर," सयाजी म्हणाला. "माज्या बानं, माज्या आईनं धाडल्यात म्हशी तिकडं. ती खोटं बोलत हुती व्हय?" त्यानं तिला बाजूला सारलं आणि तो तडक मीरासाबच्या घरी गेला.

मीरासाब बाजेवर पडून होता. त्याची बायको इमामबी दाराशी तांदूळ निवडत होती. सयाजी उभ्यानंच म्हणाला, "मामू, माजी बायको कायबी बोलतिया. मैना चंदगडलाच हाय न्हवं?"

मीरासाब उठून बसला. त्यानं सयाजीच्या तोंडाकडं बघितलं आणि त्याला सगळं उमगलं. काठी उगारू न देणारा, ट्रकात चढून हाक देणारा तो माणूस दगडाचा नव्हता तर.

इमामबीच बोलली. "किती लोकांस्नी असं सांबाळायचं आमी, बेटा? दूध तुमी सगळी पितासा. म्हातारी झाली की आमचं दार आठवतंय. आनि सनाला आमी दिसलो की तोंड फिरवतासा. पाप काय आमच्याच अंगनात उगवतंय व्हय?"

"तू गप," मीरासाब म्हणाला. त्यानं सयाजीकडं न बघता सांगितलं, "चंदगडलाच हाय. चंदगडाच्या अलीकडं, वाडीत. बाळासो म्हनून एक शेतकरी हाय, त्याच्याकडं."

हयातभर खरा धंदा करून शिव्या खाल्लेल्या त्या माणसानं एकदा खोटं बोलून पुण्य मिळवून बघितलं. इमामबीनं कपाळावर हात मारला. सयाजीचा चेहरा मात्र उजळला. तो म्हाताऱ्याच्या पाया पडला, आणि मीरासाबनं पाय आखडून घेतले.

एसटीनं कागल मागं टाकलं. आजऱ्यात सयाजीनं गाडी बदलली. पुढं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काजूची झाडं आणि भाताची खाचरं, आणि पाऊस नुसता ओतत होता. आणि गवत! खिडकीला नाक लावून सयाजी बघत राहिला. खरंच कमरेएवढं, हिरवंगार, लवलवतं गवत, डोंगरच्या डोंगर भरून. कुणी खोटं बोललं नव्हतं. बाप नाही, आई नाही, मामू नाही. शालूबाईला सांगायला पाहिजे, असं त्याला वाटलं, आणि त्याला हसू फुटलं.

वाडी सापडली. वाड्या ढिगानं होत्या. बाळासोही सापडला. एक नव्हे, तीन सापडले. एक शाळेत शिपाई होता, दुसऱ्याकडं फक्त बैल होते, तिसरा अंथरुणाला खिळलेला. कोल्हापूरची म्हैस त्यांच्यापैकी कुणी बघितली नव्हती. सयाजी पुढच्या वाडीला गेला, मग त्याच्याही पुढच्या. एका माळावर पाचसहा म्हशी चरताना दिसल्या तेव्हा तो थांबला आणि पावसातच त्यानं हाक दिली. एकीनं मान वर केली, बघितलं आणि पुन्हा गवतात तोंड घातलं. चार बाजूंना तोंड करून त्यानं हाका मारल्या. घसा खरवडून निघाला. डोंगराकडून त्याचाच आवाज परत येत होता.

माळाच्या कडेच्या घरातून एक म्हातारी डोक्यावर इरलं घेऊन बाहेर आली. "कोन वो पावणं? कुनाला हाका मारतासा?"

"माजी म्हस हितं दिलिया," सयाजी म्हणाला. "कोल्हापूरची. भाकड हुती, म्हनून चंदगडला धाडली."

म्हातारीनं त्याला ओसरीवर घेतलं, अंग पुसायला धडपा दिला. तिचं नाव धोंडुबाई. घरात ती एकटीच, नवरा वारलेला, मुलगी सासरी. चुलीपुढं त्याला बसवून ती म्हणाली, "चुकलासा पावणं. हिकडं कोन आननार भाकड म्हस? आमचीच भाकड झाली की आमी तिकडं धाडतो."

"तिकडं कुटं?"

"तुमच्याकडंच की. कोल्हापूरला." धोंडुबाईनं चुलीत फुंकर घातली. "हितं सारा बारमास चिखुल. म्हातारं जनावर टिकत न्हाय. कोल्हापुरात पेंड लई, सरकी लई. म्हशींला रंग लावून मिरवत्यात म्हनं तुमच्यात. आमचं मालक म्हनायचं, कोल्हापूरला दिली म्हंजी जनावराचं नशीब उघाडलं."

सयाजीचा हात धडप्यातच राहिला. बाहेर पाऊस पडत होता आणि ते गवत पावसात डुलत होतं. सगळं त्याला एकदम कळलं, चाळीस वर्षांचं साचलेलं एका दमात. आजवर घरातून गेलेल्या चारपाच म्हशी कळल्या. मीरासाबनं पाय का आखडले ते कळलं. शेपूट पिरगाळण्याला आणि रेट्यांना न बधलेली मैना कुणाच्या हाकेनं फळी चढली, तेही कळलं. तिला दुसऱ्या कुणालाच चढवता आलं नसतं.

"गेल्या सालीच आमची तांबू धाडली," धोंडुबाई सांगत होती. "तांबूस केसाची, डावं शिंग खाली वळल्यालं. मालकांनीच धाडली, मग महिन्यात मालकबी गेलं. मला लई वाटतंय वो, कशी असंल, कुनाच्या दावनीला असंल. तुमी तितलंच. तुमास्नी कवा दिसली का?"

ती त्याच्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत जे होतं ते सयाजीनं ओळखलं. सकाळी एसटीच्या खिडकीत ते त्याच्याच डोळ्यांत होतं.

"दिसती की," सयाजी म्हणाला. "माज्याच गोठ्यात हाय."

"काय सांगतासा!" म्हातारी जागची उठली. "तुमच्याकडं?"

"व्हय. बरी हाय. खाती-पिती."

"पाडव्याला मिरवली का वो?"

"मिरवली. डाव्या शिंगाला गुलाबी लावला हुता."

धोंडुबाई मटकन खाली बसली आणि रडायला लागली, हसता हसता. दोन्ही हात जोडून ती म्हणाली, "आता निवांत मरती मी. देवानंच धाडलं तुमास्नी." तिनं त्याला बळेच भात वाढला आणि सयाजीनं तो सगळा खाल्ला.

पाऊस जरा उघडला तसा तो एसटीच्या वाटेला लागला. मैना कुठं गेली हे आता विचारायचं राहिलं नव्हतं आणि कुणावर रागवावं असंही कुणी उरलं नव्हतं. घरी तीन म्हशी दावणीला होत्या. तिघींच्याही धारा त्यालाच काढायच्या होत्या, आणि तिघीही एक दिवस आटणार होत्या. जुन्या दोघींतली धाकटी त्याच्या हाकेला आता कुठं यायला लागली होती.

घरी गेल्यावर त्यानं सगळ्यात आधी त्या धाकटीला नावानं हाक मारायचं सोडलं.